तंबूतून आलेली चाल

दुसरं कडवं संपलं आणि तिसरं सुरू व्हायच्या आत माझ्या उजव्या हातानं मला न विचारता काहीतरी वाजवून टाकलं. फार नाही, एक श्वास घ्यावा आणि सोडावा एवढंच. पण रविवारची उपासना, चर्च भरलेलं, पाळकसाहेब डोळे मिटून उभे, आणि गाणं कुठलं, तर माझ्या बाबांनी रचलेलं. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती माणसाची माती असली की कबरीच्या काठावर हे गाणं होतंच. त्या गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये काही वाजत नसतं. तिथं मंडळी खोकून घेते, बायका पदर सारखे करतात, आणि मी ऑर्गनचा भाता पायानं दाबत नुसता एक स्वर धरून ठेवते. इतकी वर्षं धरला. त्या रविवारी मात्र बोटं त्या स्वरातून निसटली, वर चढली, तिथं जरा रेंगाळली आणि गिरकी घेऊन खाली आली, एका जुन्या सिनेमाच्या रेकॉर्डवर व्हायोलिनांचा ताफा येतो अगदी तशी. येऊन तिसऱ्या कडव्याच्या पहिल्या अक्षरावर अशी बरोबर बसली की मंडळीनं कडवं उचललं तेव्हा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला. मान खाली घालून मी वाजवत राहिले. कानशिलं तापली होती, पण शरमेनं नव्हे, हे इथंच सांगून टाकते. कित्येक वर्षं अडकलेली शिंक बाहेर पडावी तसं मला बरं वाटलं होतं.

आमचे पाळकसाहेब तसे वाईट नाहीत. पुण्याला शिकलेले, बोलणं छापल्यासारखं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचा कंटाळा नाही. पण उपासना संपल्यावर ते ऑर्गनपाशी आले ते ओठ घट्ट मिटून. साराबाई, मधे काय वाजवलंत, म्हणाले. मी म्हटलं, जागा रिकामी होती, भरली. मग त्यांनी आवाज खाली आणून त्या सिनेमाचं नाव घेतलं, आणि विचारलं की हे त्यातलंच ना. मी नाव घेतलं नव्हतं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, असं अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. त्यांचं त्यांनाच उमगलं असावं, कारण घाईघाईनं म्हणाले, शिकत असताना शेजाऱ्याच्या रेडिओवर कानांवर पडायचं. आमच्या मंडळीत हे शेजाऱ्याच्या रेडिओचं प्रस्थ फार मोठं आहे. सगळ्यांनी सगळी गाणी ऐकलेली आहेत आणि सगळी शेजाऱ्याच्या रेडिओवर. शेजारी कोण, तर शेजारीसुद्धा आमच्यातलाच, आणि त्याचाही शेजारी आहेच.

मंगळवारी चर्चचे पंच बसले. माझा नवरा शलमोन पंचांपैकी एक, म्हणजे माझ्यावर खटला आणि नवरा न्यायाधीशांत. घरी आला, हातपाय धुतले, भाकरी खाल्ली, आमटी वाढून घेतली आणि ताटावरच बोलला. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांच्या संदेशाच्या आधी मी मंडळीसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं की पवित्र गाण्यात जगिक आणि घाणेरडं संगीत माझ्या हातून आलं, मला पश्चात्ताप झाला आहे. शिवाय त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या भावाच्या, प्रभुदासच्या ऑर्केस्ट्रात गायचं नाही. नाहीतर ऑर्गनवर दुसरं कुणीतरी बसेल. शलमोनचा स्वभाव असा की वाईट बातमीही तो ताकात मीठ आहे ना असं विचारल्यासारखी सांगतो. जगिक हा आमच्याकडचा शब्द. या जगातलं ते जगिक, म्हणजे बाटलेलं. मी लहानपणापासून विचार करत आले आहे की देवानं जग केलं असेल तर मग हे वाईट कसं. बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, मोठी झालीस की कळेल. छत्तीस वर्षांची झाले, अजून कळायचं आहे.

ऑर्गनच्या त्या बाकावर मी एकोणिसाव्या वर्षी बसले. परदेशी मडमेनं शिकवलं, बोटांवर पट्टी मारून मारून. नंतर मडम तिच्या देशी गेली, मी शाळेत मास्तरीण झाले, लग्न झालं, मूल झालं नाही, त्याबद्दल लोक बोलले, बोलून थकले. आठवडाभर मी कुणाची तरी बाई असते, शाळेतली बाई, सासरच्या भिंगारदिव्यांची बाई. रविवारी ऑर्गनपुढं बसले की मी कुणाची नसते. पायाखाली भाता हलतो, छातीत श्वास हलतो, दोन्हींत कुठला कुठला ते कळेनासं होतं. त्या बाकाखेरीज या गावात माझं म्हणावं असं काही नाही. पंचांना हे नेमकं माहीत होतं. म्हणूनच त्यांनी तिथं बोट ठेवलं.

आणि माझं म्हणाल तर माझ्यापुढं दुसरंच कोडं होतं, जे पंचांना माहीत नव्हतं. आम्ही मूळचे कोल्हारचे. बाबा तिथं मिशनच्या शाळेवर मास्तर. प्रवरेच्या कडेला हिवाळ्यात टूरिंग टॉकीजचा तंबू पडायचा आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधी दिवे लागायच्या वेळी तंबूच्या खांबावरचा कर्णा रेकॉर्डी लावायचा. नदीवरून यायचा तो आवाज, कधी वाऱ्यानं जवळ, कधी लांब. बाबा उठून खिडकी लावून घ्यायचे. खिडकी लागली की आई स्वयंपाकघराचं मागचं दार उघडायची. बाबा विचारायचे, दार का उघडं. आई म्हणायची, धूर झालाय. चुलीत विस्तव नसला तरी आमच्या घरात त्या वेळी धूर होई. मी आईच्या पाठीशी बसून तो धूर ऐकायची. गाण्याचे शब्द वाऱ्यात जायचे, पण शब्द थांबले की मधली वाद्यं यायची ती मात्र सबंध यायची, आणि मला वाटायचं की खरं गाणं ते, शब्द नुसते वाट दाखवायला आहेत. अजून वाटतं. बाकीच्या पोरी नटीची साडी बघायला तंबूच्या फटीला डोळे लावायच्या. मी कान लावायची.

बाबांना इंग्रजी चालींचा तिटकारा. आपल्या माणसानं आपल्या देवाला साहेबाच्या चालीत का हाक मारायची, असं ते मडमेसमोरही म्हणत, त्या काळात. त्यांना आपल्या मातीतली चाल हवी होती. एकदा शाळेतून येताना बांधावरून चालत असता त्यांना ती सापडली. बायका खुरपत होत्या आणि गात होत्या. संथ, उन्हात वाळलेली, एका बाईनं टाकलेली दुसरीनं उचललेली चाल. बाबा बांधावर उभे राहिले, बायका लाजून गप्प झाल्या, त्यांनी हात जोडून पुन्हा म्हणायला लावली. घरी आले ते डोळे भरूनच. शेकडो वर्षांची चाल आहे, आईला म्हणाले, जात्यावरून आलेली. तिच्यात त्यांनी शब्द बसवले, आणखी संथ केली, आणि ते गाणं कोल्हारहून सोनईला गेलं, सोनईहून नगरला आलं, मातीमातीतून पसरत गेलं. बाबांची माती झाली तेव्हाही तेच गायलं. मी गायले.

मी बारा वर्षांची असताना तोच तंबू पुन्हा पडला. एका संध्याकाळी जुनी रेकॉर्ड लागली आणि आईच्या पाठीमागे बसल्या बसल्या मला माझ्या बाबांचं गाणं ऐकू आलं. चटपटीत, ठेक्यावर, एका नटीच्या आवाजात, पण तेच. दोन कडव्यांमध्ये व्हायोलिनं वर चढली, रेंगाळली, गिरकी घेऊन खाली आली. खुरपणाऱ्या बायकांनी कर्ण्यावरून शब्दांची चाल घेतली होती. व्हायोलिनं त्या कुठून घेणार, तोंडाला ती कशी जमणार. ती तेवढी गळून गेली होती आणि बाबांच्या गाण्यात त्यांच्या ठिकाणी भोक राहिलं होतं. मी उठून बाबांकडे धावणार तोच आईनं मनगट धरलं. तिचा चेहरा पाहिला आणि कळलं, तिला आधीपासून ठाऊक होतं. त्यांना सांगू नको, एवढंच म्हणाली. बाबा मरेपर्यंत ती सिनेमाला शिव्या घालणारं त्यांचं बोलणं ऐकत राहिली आणि त्यांचं गाणं गात राहिली, आणि दोन्ही वेळा तिच्या चेहऱ्यावर एकच भाव असायचा. ती खरोखर सुखी होती असं मला वाटतं.

म्हणजे रविवारी मी पवित्र गाण्यात बाहेरचं काही घातलंच नव्हतं. त्याचं होतं ते त्याला परत दिलं. आता मंडळीसमोर उभं राहून त्याला घाण म्हणायचं, तर बाबांचं सबंध गाणं घाण होतं. आणि घाण नाही म्हणून खरं काय ते सांगायचं, तर पंच ते गाणं उचलून बाहेर टाकणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. मुकाट्यानं दोन वाक्यं म्हणून टाकली असती तर गाणंही राहिलं असतं, बाकही राहिला असता. आई असती तर तिनं तेच केलं असतं. मला आईचा राग येऊ लागला. गेलेल्या बाईचा राग येणं बरं नव्हे, पण येत होता. दार उघडायचं तर धूर म्हणून का उघडायचं, गाणं म्हणून का नाही, असं तिला विचारावंसं वाटत होतं.

बोटं निसटण्याचं कारण खरं म्हणजे प्रभुदास. माझा धाकटा भाऊ, दिवसा फिटर, संध्याकाळी ऑर्केस्ट्रावाला. दुष्काळ निधीसाठी त्यानं थिएटरात कार्यक्रम ठरवला होता आणि सुरुवातीला नवीन गाणं पाहिजे म्हणून माझ्यामागे लागला होता. मुंबईला हल्ली पोरं गिटारवर मराठी गातात ताई, त्याला पॉप म्हणतात, असं म्हणाला. मी म्हटलं, पॉप का पाप. तो म्हणाला, तू लिही, मग लोक ठरवतील. मी लिहिलं. देवावर नाही, प्रेमावर नाही, सिनेमाच्या गाण्यांवरच लिहिलं. पडद्यावरच्या गाण्या, तुला सलाम माझा, असं धृपद. त्यात तंबू आला, कर्णा आला, रेडिओ सिलोनची खरखर आली, एकाच ओळीसाठी तीनदा सिनेमाला जाणारी परटीण आली. एक कडवं त्या वाजवणाऱ्यांवर, ज्यांची नावं रेकॉर्डवर कधी छापली नाहीत. प्रभुदास मुंबईला जाऊन आलेला, तो सांगायचा की त्या ताफ्यातले कितीतरी गोव्याचे, सकाळी मिसाला जाऊन मग स्टुडिओत वाजवायला बसणारे. म्हणजे त्या घाणेरड्या व्हायोलिनांवर निम्मे हात आपल्यासारखेच प्रार्थना करून आलेले. गिटारचा ठेका उड्या मारणारा, पोरं बोंगो बडवणारी, आणि मी चष्मा लावलेली मास्तरीण मधे उभी राहून गायची. महिनाभर हेच डोक्यात. मग रविवारी हातानं वेगळं काय करायचं होतं. तालमी कानांवर गेलेल्या पंचांना सर्वांत झोंबला तो सलाम, असं शलमोननं सांगितलं. आपण विश्वासी माणसं एकमेकांना सलाम म्हणतो, तो सिनेमाला कसा म्हणायचा. मी त्याला म्हटलं, फौजदाराला म्हणता, मामलेदाराला म्हणता, त्यांनी तुम्हाला काय गाऊन दाखवलं.

गाण्याचं एक कडवं मात्र होत नव्हतं. शेवटचं. प्रभुदास तिथं नुसतीच गिटार वाजवायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी काहीबाही ओळी करायची आणि खोडायची. ते कुणाचं कडवं आहे हे मला चांगलं माहीत होतं, म्हणूनच होत नव्हतं.

शनिवारी शलमोन माझ्यासमोर बसला. तो सहसा समोर बसत नाही, बाजूला बसतो. म्हणाला, "दोनच वाक्यं आहेत, सारा. तोंडानं म्हणायची. मनातलं कोण बघतंय."

"तू रोज प्रार्थना करतोस त्याला हे सांग," मी म्हटलं.

मग मी त्याला सगळं सांगितलं, तंबू, बांध, आईनं धरलेलं मनगट. पंधरा वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा. त्याला धक्का बसेल असं वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं की मग आता मामांचं गाणं जाणार का. बाबांना तो मामा म्हणायचा. मी म्हटलं, मला माहीत नाही. तो उठला आणि माझे चर्चला जायचे बूट पुसायला बसला, जे तो कधी करत नाही.

रविवारी पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. ऑर्गनपासून उठून मी पुढं आले. वीस पावलांवर सगळी ओळखीची तोंडं, माझ्या वर्गातून गेलेली निम्मी. मी म्हटलं, "मागच्या रविवारी मी जे वाजवलं ते सिनेमातलं होतं. सबंध गाण्याची चालच सिनेमातली आहे. शेतातल्या बायकांनी ती तंबूच्या कर्ण्यावरून उचलली आणि माझ्या बाबांनी बायकांकडून घेतली. त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी त्याला घाण म्हणणार नाही. मला पश्चात्ताप झालेला नाही."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. राग नव्हता त्यात, भीती होती, असं मला तेव्हाच वाटलं. त्यांनी स्वतः किती कबरींच्या काठावर उभं राहून ते गाणं म्हणवून घेतलं होतं. शेवटी ते हळू म्हणाले, "मग हे गाणं आता उपासनेत गाता यायचं नाही. आजपासून नाही."

पुढच्या सतरंजीवर गोजरबाई बसली होती. सोनईकडची म्हातारी. तिचा थोरला, बन्सी, त्याच उन्हाळ्यात दुष्काळी कामावर खडी काढताना दरडीखाली सापडला होता आणि ती सुनेबरोबर नगरला आली होती. चर्चमध्ये बायका बोलत नाहीत, म्हाताऱ्या तर नाहीच. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"माजा बन्सी त्याच गान्यावर मातीत गेला, पाळकसायब," ती म्हणाली. "आता काय त्याला उकरून काडता, अन् दुसऱ्या गान्यावर पुरता?"

आवाज चढला नव्हता. पीठ संपलंय हे सांगावं तशी बोलली. मागून कुणीतरी बाई रडू लागली. पंचांतले एक वडीलधारे उठले आणि म्हणाले की गाण्याचं पंच ठरवतील, पण ऑर्गनचं ठरलं आहे, झाकण लावून घ्या. आणि त्यांनी शलमोनकडे पाहिलं, कारण तोच जवळ बसला होता. शलमोन उठला. माझ्या डोळ्यांपुढं त्यानं ते झाकण लावलं, इतकं सावकाश की लाकडाचा आवाजसुद्धा झाला नाही. मी त्याचा द्वेष करायला हवा होता, पण ते जमलं नाही. शेवटचं गाणं झालं नाही. नुसता आशीर्वाद घेऊन मंडळी बाहेर पडली, आणि दारात नेहमी एकमेकांना सलाम करणारी माणसं कुठं बघावं ते न कळून चपला शोधत राहिली. मला रडू आलं ते तिथं, उन्हात. बाक गेला होता. मी त्याला पुन्हा कधी शिवणार नव्हते, आणि हे कुणाही शहाण्या माणसाला परवडण्यासारखं नव्हतं. तरी ती दोन वाक्यं मी म्हटली नव्हती. रडता रडता हेही मी स्वतःला सांगत होते, आणि ते ऐकून आतली कुणीतरी ताठ होत होती.

संध्याकाळी मी साडी बदलून निघाले तेव्हा शलमोन सायकल काढून दारात उभा होता. थिएटरपर्यंत सोडतो, म्हणाला. पंच असून, असं मी म्हटलं. तो म्हणाला, सायकल पंचांची नाही. मागे बसले. माळीवाड्याच्या वेशीवरून निघालो. वाटेत एका हॉटेलात रेडिओ लागला होता, तिथं त्यानं सायकल जरा हळू केली. थिएटराच्या मागच्या दारानं आत गेले तर प्रभुदास घामाघूम. शेवटचं कडवं सोडून देऊ या ताई, त्याच्या जागी मी गिटार वाजवतो, म्हणाला. मी म्हटलं, कडवं झालंय. कधी, त्यानं विचारलं. मी सांगितलं नाही, कारण मलाही नीट सांगता आलं नसतं. सायकलवर झालं असेल, किंवा झाकण लागताना.

पडदा वर गेला. पुढं अंधार होता. मंडळीतलं कोण कोण त्यात बसलं होतं ते दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी मी गायलेच असते. बोंगो सुरू झाला, लोक टाळ्यांनी ठेका धरू लागले. तंबूचं कडवं झालं, लोक हसले. परटिणीचं झालं, शिट्ट्या आल्या. नाव नसलेल्या वाजवणाऱ्यांचं झालं. मग मी हात वर करून पोरांना थांबवलं, नुसती गिटार ठेवली, आणि माझ्या बाबांच्या चालीत, माझ्या बाबांच्या संथ लयीत, मोकळ्या गळ्यानं शेवटचं कडवं म्हटलं:

बाबांनी माझ्या देवापुढं ठेवलं एक गाणं,
तंबूमधून आलेलं ते, त्यांनी नाही जाणलं.
देवानं मात्र जाणलं होतं,
जाणून जवळ घेतलं.